जन्म निवडण्याचा खेळ

माणसाला पुष्कळ काही निवडता येते, आईबाप तेवढे निवडता येत नाहीत, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या न्यायविषयक ग्रंथाच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. आपण कोणत्या कुळात, कसला देह आणि किती बुद्धी घेऊन जन्मणार हे ठाऊक नसताना समाजाचे नियम ठरवावयाचे झाले, तर ते कसे ठरवू, असा त्यांचा प्रश्न. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७४ साली, त्याच देशातील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून एक खेळ बाहेर पडला आणि त्याने हा प्रश्न नेमका उलटा केला. नियम आधी वाचा, आणि ते पाहून आपला जन्म निवडा!

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. एकजण कथा सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन तीत वावरतात, आणि यश-अपयशाचा निवाडा फाशांवर होतो. पात्राचे बळ, चापल्य, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप हे सहा गुण आकड्यांत लिहिलेले असतात. पात्र मानव असू शकते, तसेच एल्फ, ड्वार्फ किंवा हॉबिटही. टॉल्किन यांच्या वारशाचे हक्क बाळगणाऱ्यांनी हरकत घेतल्यावर हॉबिटचा पुढे हाफलिंग झाला. घरातील नातवंडे संगणकावर असले खेळ खेळत असतील, तर ही नावे वाचकांच्या कानांवरून गेलेली असतील.

निवड मोकळी होती, पण फुकट नव्हती. पहिल्या नियमांत ड्वार्फ योद्धा सहाव्या पायरीपुढे चढू शकत नसे आणि हॉबिट चौथीपुढे. मानवाला मात्र अशी अट नव्हती. एरवी मानव व्हावयास कोण तयार झाले असते? १९८१ च्या प्राथमिक संचात तर एल्फ असणे हाच एल्फचा पेशा ठरला. योद्धा, पुरोहित, चोर हे भेद मानवांपुरते. जन्म आणि व्यवसाय एकच, ही कल्पना आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नसावी. पायऱ्यांची बंधने २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गेली; पण त्याच आवृत्तीत अर्ध-ऑर्क निवडणाऱ्याला बळाचे दोन गुण अधिक मिळत, आणि बुद्धीचे दोन व प्रभावाचे दोन वजा होत.

येथे खरा वाद सुरू होतो. ऑर्क कोठे अस्तित्वात नाहीत, तेव्हा त्यांचा अपमान होण्याचा प्रश्न नाही, असे खेळाचे जुने चाहते म्हणतात. ते खरेच आहे. परंतु आमचा आक्षेप ऑर्कांच्या वतीने नाही. एल्फ शेकडो वर्षे जगतो, किंवा २०१४ च्या नियमांप्रमाणे हाफलिंगला अवजड शस्त्र नीट पेलत नाही, हे देहाचे भेद झाले. कल्पित सृष्टीत ते हवेतच. मंदबुद्धी किंवा दुष्टावा मात्र एखाद्या जमातीच्या माथी जन्मतः लिहिला, की व्यक्तीला पाहण्यापूर्वीच तिच्याविषयीचा अभिप्राय तयार असतो. तेवढी सवय लागावयास ऑर्क खरे असण्याची आवश्यकता नाही. आयुष्यभर सरकारी नमुन्यांतील रकाने भरून घेतलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही. या सृष्टीतील एक अत्यंत लोकप्रिय नायक, आर. ए. साल्व्हाटोर यांच्या १९८८ पासूनच्या कादंबऱ्यांतला ड्रिझ्ट, हा मुळात दुष्ट म्हणून योजलेल्या ड्राउ जमातीतला निघावा, यातच वाचकांचा कौल आला.

सुधारणा झाल्या. २०२० च्या अखेरीस आलेल्या पुस्तकाने वंशाला बांधलेले गुण हवे तसे फिरविण्याची मुभा दिली. ‘वंश’ हा शब्द काढून ‘जीवजाती’ हा शब्द आणण्याचे प्रकाशकांनी डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, आणि २०२४ च्या आवृत्तीत तो आला. आम्हांस हा बदल धड वाटत नाही. वंश हा शब्द बदनाम झाला हे मान्य. पण जीवजाती म्हटल्याने भिंत अधिकच उंच होते. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळाने २०१९ मध्ये ‘पूर्वजपरंपरा’ या अर्थाचा शब्द घेतला, तो अधिक माणसाळलेला आहे.

गुणांची वाढ आता जन्माऐवजी पूर्वायुष्याकडे दिली आहे. अशी सोळा पूर्वायुष्ये आहेत. शेतकऱ्याच्या वाट्याला बळ, चिवटपणा आणि शहाणपण. उमरावाच्या वाट्याला बळ, बुद्धी आणि छाप. शेतकऱ्याच्या यादीत शहाणपण आहे, बुद्धी नाही! ऑर्कावरचा डाग पुसताना तो कोठे सरकला, हे या यादीत दिसते. आणि उमरावाच्या घरचे संस्कार तरी निवडून मिळतात काय? संगोपन हेही बहुतेकांच्या बाबतीत जन्माचेच दुसरे नाव असते.

तरीही निवडीचा हक्क काढून घ्यावा, असे आम्ही म्हणणार नाही. दोन गुण बुद्धीचे जाणार हे वाचून, समजून, कोणी अर्ध-ऑर्क निवडत असे आणि महिनोन्‌महिने त्या पात्राशी प्रामाणिक राहत असे. संध्याकाळ संपली की तो त्या जन्मातून उठून घरी जाऊ शकत होता, ही या सहानुभूतीची मर्यादा. परंतु तोटा पत्करून घेतलेल्या जन्मात काही वजन होते, आणि आता जेथे कोणताच जन्म कोणाला महाग पडत नाही, तेथे निवड पोशाखाच्या निवडीजवळ येते. सुधारणा योग्य होती असे म्हणतानाही ही उणीव आम्हांस जाणवते.

सर्वांत खटकते ते निराळेच. २०१४ च्या पुस्तकात अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क हे स्वतंत्र पर्याय होते. २०२४ च्या पुस्तकात दोन्ही नाहीत. ‘अर्धे’ म्हणून कोणाला हिणवू नये, हा हेतू चांगला असेल. पण ‘अर्धा’ हा शब्द बोचतो म्हणून त्या माणसालाच यादीतून वगळणे हा कोणता न्याय? दोन घरांत वाढलेला, एका घरी दुसऱ्या घरचा ठरणारा, अर्ध-एल्फ हाच त्या सृष्टीतील आम्हांस कळणारा रहिवासी होता. पिढ्यान्‌पिढ्या इंदूर-बडोद्यास राहून पुण्याच्या पाहुण्यांकडून आपल्या मराठीचे ‘कौतुक’ ऐकलेल्या घराण्यांना तो पटकन ओळखू येईल. नव्या नियमांबरोबर जुन्या पुस्तकातील वंश वापरण्यास मुभा आहे. ज्याला अर्ध-एल्फ व्हावयाचे असेल त्याने २०१४ चे पुस्तक जपून ठेवले पाहिजे.