सत्य शोधणाऱ्याच्या हातातील जपमाळ

रहस्यकथेचा वाचक एकाच प्रश्नाने झपाटलेला असतो : खून कोणी केला? उत्तर मिळाले की तो पुस्तक मिटतो आणि निश्चिंत मनाने झोपी जातो. बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके हातोहात फिरवून वाचणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. परंतु नैतिक प्रश्न तेथे संपत नाही. खरे म्हणजे तो तेथूनच सुरू होतो. खुनी सापडला; आता त्याचे काय करावे? आणि ज्याला सत्य गवसले, त्याने त्या सत्याचे काय करावे?

या प्रश्नाकडे आमचे लक्ष वेधले ते एका ब्रिटिश दूरदर्शन मालिकेने. आगाथा ख्रिस्ती यांच्या हर्क्यूल पॉयरो या बेल्जियन गुप्तहेरावरील ही मालिका ८ जानेवारी १९८९ रोजी सुरू झाली आणि ७० भागांनंतर १३ नोव्हेंबर २०१३ रोजी संपली. सुमारे पाव शतक डेव्हिड सुशे या एकाच नटाने ती भूमिका केली. पॉयरो जन्माने कॅथलिक आहे, ही गोष्ट मूळ पुस्तकांत ओझरती येते. मालिकेच्या उत्तरार्धात मात्र त्याची श्रद्धा ठळक होत जाते. सुशे यांनी स्वतः १९८६ साली संत पौलाचे रोमकरांस पत्र वाचून ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली होती.

मालिकेतील ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ हा भाग ब्रिटनमध्ये २०१० च्या नाताळच्या दिवशी प्रक्षेपित झाला. मूळ कादंबरी १९३४ ची. युगोस्लाव्हियात बर्फात अडकलेल्या आगगाडीत एका श्रीमंत प्रवाशाचा खून होतो. त्याच्या अंगावर सुऱ्याचे बारा वार असतात. हा मनुष्य पूर्वी एका चिमुरडीचे अपहरण करून तिचा जीव घेणारा नराधम होता आणि न्यायालयातून निसटला होता. त्या मुलीची आई धक्क्याने गेली, पित्याने आत्महत्या केली, विनाकारण संशय आलेल्या दाईनेही जीव दिला. आता त्या कुटुंबाच्या जिव्हाळ्याच्या लोकांनी स्वतःच बारा जणांचे पंचमंडळ होऊन शिक्षा अमलात आणली आहे. सत्य उलगडल्यावर पॉयरो पोलिसांना खोटी हकिकत देतो आणि त्यांना जाऊ देतो.

प्रामाणिकपणे सांगायचे तर आमचे मन त्या बारा जणांच्या बाजूला झुकते. ज्या न्यायालयाने बालिकेच्या खुन्याला सोडले, त्याने न्यायावरचा आपला अधिकार गमावला नाही काय? दुबळ्यांचा कोणी वाली उरला नाही, तर त्यांनी काय करावे? हे प्रश्न पोकळ नव्हेत. त्यांना ‘सूड घेऊ नये’ एवढे एकच वाक्य ऐकवून वाटेला लावणे हे दुःखी माणसाचा अपमान करण्यासारखे आहे.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. कादंबरीतील बारा जणांची चूक होत नाही, कारण लेखिकेनेच त्यांना तशी हमी दिलेली आहे. वास्तवात अशी हमी कोणी देत नाही. या कथेमागे १९३२ साली अमेरिकेत घडलेले लिंडबर्ग बाळाच्या अपहरणाचे व खुनाचे प्रकरण आहे. त्या तपासात त्या बाळाच्या आजोळच्या घरातील एका मोलकरणीने संशयाच्या छायेत विष घेतले. तिचा गुन्ह्याशी संबंध नव्हता असे पुढे दिसून आले. ब्रूनो हाउप्टमान याला १९३६ मध्ये देहदंड झाला. तो अखेरपर्यंत ‘मी निर्दोष आहे’ असेच सांगत राहिला आणि त्याच्या खटल्याविषयीचा वाद आजही चालू आहे. जेथे न्यायाधीश, वकील, पुरावे आणि अपील हे सारे होते तेथे ही अवस्था! मग जेथे वादीच न्यायाधीश आणि न्यायाधीशच मारेकरी, तेथे काय होईल?

हा प्रश्न केवळ दूरदेशीच्या आगगाडीतील नाही. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ एका तरुणीवरील बलात्कार व हत्येच्या प्रकरणातील चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. लोकांनी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की तो गोळीबार ठार मारण्याच्या हेतूने जाणूनबुजून केलेला होता. त्या चौघांचा अपराध न्यायालयात कधी सिद्ध झालाच नाही. आता तो होऊही शकत नाही. पाकळ्या उधळणाऱ्यांत आपण नव्हतो. पण त्या सकाळी बातमी ऐकून मनोमन ‘बरे झाले’ असे म्हणणाऱ्यांत आपण होतो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला विचारावे.

मग पॉयरोने त्या बारा जणांना सोडले हे चूक होते काय? येथे आम्हांला दोन चित्रपटांतील फरक मोलाचा वाटतो. याच कथेवरील १९७४ च्या चित्रपटाच्या शेवटी प्रवासी एकमेकांच्या पेल्याला पेला भिडवतात. जणू पाप घडलेच नव्हते. मग क्षमा तरी कशाची? २०१० च्या भागात मात्र पॉयरो संतापाने थरथरतो. कायदा हाती घेणाऱ्यांना त्यांच्या तोंडावर सुनावतो. सोडतो, पण बर्फातून दूर जाताना त्याच्या हातात जपमाळ असते आणि डोळ्यांत पाणी. जी दया पापाला पाप म्हणत नाही ती दया नव्हे, डोळेझाक होय. आणि जी दया देणाऱ्याला काहीच मोजायला लावत नाही, ती क्रुसाच्या सावलीत वाढलेली नव्हे.

चेस्टरटन यांचे फादर ब्राउन आणखी पुढे जातात. ‘द हॅमर ऑफ गॉड’ या कथेत चर्चच्या उंच मनोऱ्यावरून हातोडा टाकून भावाचा जीव घेणाऱ्या पाळकाला ते एकांतात सत्य सांगतात, आपण ते इतरांना सांगणार नाही असे वचन देतात आणि निवड त्याच्यावर सोपवतात. तो आपण होऊन गुन्हा कबूल करायला जातो. येथे सत्य लपवले जात नाही. अपराध्याला स्वतःच्या पायांनी सत्याकडे जाण्याची वाट मोकळी ठेवली जाते. बारा वारांनी नेमकी हीच वाट बंद केली होती. त्या नराधमाला पश्चात्ताप झाला असता की नाही, आम्ही सांगू शकत नाही. परंतु त्याचा वेळ संपवण्याचा अधिकार त्या बारा जणांना नव्हता.

पॉयरोची अखेर याहून अधिक अस्वस्थ करते. ‘कर्टन’ या शेवटच्या कथेत एक मनुष्य स्वतः कधीच खून करत नाही, मात्र इतरांच्या मनांत द्वेष पेरून त्यांच्याकरवी खून घडवतो. कायद्याचे हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आयुष्यभर खुनाचा तिरस्कार केलेला पॉयरो स्वतःच त्याला गोळी घालतो, आणि मग आपले औषध दूर ठेवून मृत्यूची वाट पाहतो. ख्रिस्तसभेची शिकवण या दोन्ही कृत्यांचे समर्थन करू शकत नाही, आणि आम्हीही करत नाही. मात्र आपण योग्य केले की अयोग्य हे आपल्याला ठाऊक नाही, असे तो लिहून ठेवतो. आजवर प्रत्येक खटल्यात शेवटचा शब्द ज्याचा असे, तो स्वतःच्या खटल्यात निकाल द्यायला नकार देतो आणि देवापुढे आरोपी म्हणून उभा राहतो. बारा जण पंच झाले होते. हा गुन्हेगार झाला.

जपमाळेने पॉयरोचे पाप पुसले जात नाही. ती त्याला केवळ एवढीच आठवण देते की त्याच्याही वरती एक न्यायाधीश आहे आणि त्या न्यायाधीशाला दया ठाऊक आहे. कोणाच्या तरी अपराधाचे सत्य आपल्या हाती लागते तेव्हा आपल्या दुसऱ्या हातात काय असते, दगड की जपमाळ? वाचकहो, खून कोणी केला याहून हा प्रश्न अवघड आहे, कारण त्याचे उत्तर शोधायला दुसरा कोणी गुप्तहेर येणार नाही.