एक काना, एक मात्रा

आडनाव कोणाचे? ज्याला ते लागते त्याचे, की जो ते लिहितो त्याचे? हा प्रश्न मला कोणत्या ग्रंथाने नव्हे, माझ्याच हस्ताक्षराने विचारला.

अक्कलकुवा तालुक्यातील एका शाळेत मी मास्तर होतो. एका भिल्ल बापाने मुलाला आणून बसवले आणि आडनाव सांगितले, ‘वसावा’. मी नोंदवहीत ‘वसावे’ लिहिले. काना काढून मात्रा दिली, एवढेच. मराठी वळणाचे नाव पोराला पुढे बरे पडेल, हा माझा सद्भाव! बापाला वाचता येत नव्हते. त्याने विश्वासाने अंगठा उमटवला.

1 मे 1960 रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग झाले. सोयरिकींचे मात्र झाले नाहीत. सागबारा-डेडियापाड्याकडे वसावा, इकडे वसावे. नवापुरात गावित, तर व्यारा-सोनगडकडे गामीत. आपल्या राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीनेही ही चारही रूपे सामावून घेतली आहेत. यादी माझ्याहून उदार निघाली.

पुढे जातपडताळणीच्या वेळी बापाच्या कागदावर वसावा आणि मुलाच्या कागदावर वसावे! दोन्ही नावे यादीत होती. पण हा त्याचाच मुलगा कशावरून? म्हातारा माझ्याकडे आला. “गुरुजी, पोरगा माझाच आहे, एवढं तुम्ही लिहून द्या.” आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

आयर्लंडातील गेलिक आडनावांत ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘ओ’ म्हणजे नातू. इंग्रजी अमलात कित्येकांची ही अक्षरे गळाली. लोहाराचा मुलगा या अर्थाचे ‘मॅक गवन’ अनेक ठिकाणी नुसते ‘स्मिथ’ झाले. भाषांतर अचूक, त्यातला मुलगा तेवढा हरवला.

हेतू शुद्ध असला की कृती शुद्ध ठरते, असे मी वर्गात सांगत असे. आता सांगवत नाही. उपकार करण्यापूर्वी ज्याच्यावर करायचा त्याला विचारावे लागते. न विचारता केलेला उपकार ही एक प्रकारची हिसकावणीच.

परवा तो मुलगा भेटला. आता त्याचीच मुले शाळेत जातात. मी म्हणालो, “नाव पुन्हा वसावा करून घे, मी येतो बरोबर.” तो हसला. “राहू द्या, गुरुजी. पोरं आता वसावेच म्हणवतात.”

या वेळी निदान मी विचारले होते. त्याचे उत्तर मी मान्य केले.