उरलेला अर्धा

‘५० मीटर लांबीत टनाला १ ग्रॅम सोनं.’ सोन्याचा शोध घेणाऱ्या कंपनीने बोअर मारून असा निकाल जाहीर केला, की शेअर हलतो. आता तोच आकडा उलगडून बघा. एका मीटरमध्ये टनाला ४० ग्रॅम, बाकीच्या ४९ मीटरमध्ये जेमतेम ०.२ ग्रॅम. सरासरी तीच, साधारण १ ग्रॅम. वाक्यात खोटं काहीच नाही. मोजणी कुठे सुरू करायची आणि कुठे थांबवायची, एवढंच सांगणाऱ्याने ठरवलं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सोन्याचा जाडजूड थर उभा राहतो, जमिनीखाली असते दोन हातांची शीर.

मला हे खोटं बोलण्यापेक्षा वाईट वाटतं. खोटं निदान पकडता येतं.

मग प्रामाणिकपणा शोधायचा कुठे? माझ्या मते तो आकड्यापेक्षा लाकडी पेटीत जास्त असतो. बोअरमधून दगडाचा लांब दांडा निघतो, त्याला कोअर म्हणतात. तो उभा चिरून अर्धा भाग लॅबला जातो, अर्धा पेटीत राहतो. उद्या कुणाला शंका आली तर यावं, तपासावं. आपल्यावर अविश्वास दाखवता येईल अशी सोय आपणच करून ठेवायची!

इंडोनेशियाच्या बोर्निओ बेटावर, बुसांगमध्ये ‘ब्रे-एक्स’ या कॅनडाच्या कंपनीने ही सोय ठेवली नाही. जवळजवळ सगळा कोअर कुटून लॅबला जाई. कारणही शास्त्रीय: सोनं जाड कणांत विखुरलेलं असलं की नमुना जितका मोठा, तितका निकाल भरवशाचा. कारण बरोबरच होतं, आणि म्हणून ते इतकं उपयोगी पडलं. कंपनीची किंमत ६ अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत गेली. १९९७मध्ये फ्रीपोर्टने त्याच बोअरच्या शेजारी बोअर मारले, तर सोनं नगण्य. पिशव्यांमध्ये बाहेरून सोनं मिसळलेलं होतं.

गंमत म्हणजे लॅब चुकली नव्हती. पिशवीत जे आलं, त्याचा कस तिने नीट सांगितला. विश्लेषकांचे गुणाकारही बरोबर होते. प्रत्येकाने आपापल्या टेबलावरचं काम चोख केलं आणि हजारो लोकांची बचत बुडाली. त्यांना निर्दोष म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ‘उरलेला अर्धा दाखवा’ हा प्रश्न विचारायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. पण वर चढणाऱ्या शेअरला तो विचारायचा कुणी?

कॅनडाने २००१मध्ये नियम कडक केले. मोठ्या लांबीची सरासरी दिली, तर तिच्यातला जास्त कसाचा तुकडा वेगळा सांगावा लागतो. त्यामुळे निकालात खाली एक ओळ येते, ‘त्यापैकी’ने सुरू होणारी. लोक तिच्यातला मोठा आकडा बघून खूश होतात. तो आकडा वजा करून उरलेल्या मीटरांची सरासरी काढायला फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो.