उणिवांची दुरुस्ती कुठवर?

माणूस घडवताना उणिवा भरून काढण्यावर जेवढी शक्ती खर्ची पडते, तेवढी बलस्थाने जोपासण्यावर पडत नाही. गणितात गुण कमी पडले की शिकवणी लागते ती गणिताची. चित्रकलेत हात चांगला असला, तरी तो छंदाच्या खात्यात जमा होतो. कचेऱ्यांतील वार्षिक मूल्यमापनातही ‘सुधारणेस वाव’ हाच रकाना अधिक निगुतीने भरला जातो.

या सवयीला व्यवस्थापन-विचारवंत पीटर ड्रकर यांनी ठाम विरोध केला. ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ (१९६७) या पुस्तकात त्यांनी माणूस निवडताना त्याला काय उत्तम जमते, हे आधी पाहण्याचा आग्रह धरला. अजिबात न येणारी गोष्ट बेताची येऊ लागण्यासाठी जे कष्ट पडतात, त्यांहून कमी कष्टांत चांगली येणारी गोष्ट उत्कृष्ट होते, हा त्यांचा हिशेब होता. मानसशास्त्र या वाटेवर बरेच उशिरा आले. मार्टिन सेलिगमन आणि ख्रिस्तोफर पीटरसन यांनी २००४ मध्ये स्वभावातील २४ गुणांची सहा गटांत मांडणी केली. तोवर या शास्त्राचे बहुतेक लक्ष विकारांवरच खिळलेले होते.

हा हिशेब मैदानावर तपासता येतो. भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात लहानपणी पोलिओने बारीक झाला. क्षेत्ररक्षणात ते चेंडू डाव्या हाताने फेकत, गोलंदाजी मात्र त्याच उजव्या हाताने करत. लेगस्पिनच्या मानाने त्यांचा चेंडू बराच वेगात येई आणि गुगली तर फलंदाजाला उमगायच्या आत आत शिरे. ५८ कसोटींत त्यांनी २४२ बळी घेतले आणि धावा केल्या अवघ्या १६७. बळींपेक्षा धावा कमी असलेला हा खेळाडू फलंदाजीच्या निकषावर संघाबाहेरच बसला असता. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर त्यांनी ३८ धावांत सहा गडी टिपले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला आणि अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधला भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला.

अर्थात अशा गोलंदाजीला फलंदाजाच्या पुढ्यात उभे राहणारे क्षेत्ररक्षक लागतात. मुंबईचे एकनाथ सोलकर शॉर्ट लेगला तसे उभे राहत. २७ कसोटींत त्यांनी ५३ झेल घेतले. एकाच्या उणिवेचा भार दुसऱ्याच्या बलस्थानाने उचलावा, यासाठीच तर संघ असतो. एकट्याने काम करणाऱ्याला ही सोय नसते, हे बलस्थानांचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत.

म्हणून कोणत्या उणिवेकडे दुर्लक्ष चालेल, हा प्रश्न उरतोच. ड्रकर यांनीही सरसकट सूट दिलेली नाही. जी वाईट सवय, जे अज्ञान किंवा जो उर्मटपणा माणसाच्या मुख्य कामाच्या आड येतो, तो दूर केलाच पाहिजे, असे ते बजावतात. उत्तम शल्यविशारदाला हिशेब ठेवता आला नाही तरी चालते; परिचारिकेचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय नसेल, तर मात्र रुग्णाच्या जिवाशी गाठ पडते. दुसरा धोका बलस्थानाच्या अतिरेकाचा. रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबर्ट कायझर या अभ्यासकांनी नेतृत्वाबाबत हे दाखवले आहे: खंबीरपणा वाढत वाढत दडपशाहीवर जातो आणि सर्वांना सांभाळून घेण्याच्या नादात निर्णय लांबत राहतो.

आपले बलस्थान ओळखणे हे वाटते तितके सोपे नाही. ड्रकर यांनी १९९९ च्या एका लेखात त्यासाठी साधी रीत सांगितली. महत्त्वाचा निर्णय घेताना अपेक्षित फळ लिहून ठेवायचे आणि नऊ-बारा महिन्यांनी प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहायचे. हल्ली यासाठी प्रश्नावल्यांचा सुळसुळाट आहे, पण त्यांची उत्तरे माणूस स्वतःच भरतो. त्यामुळे त्यांतून आवड आणि स्वतःविषयीचे मत कळते, कामाची प्रत कळत नाही. कामाची प्रत जाणून घ्यायची असेल, तर ड्रकर यांची वही आजही अधिक भरवशाची आहे.