अंगणात गेलेली शाळा



1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत पोहोचलं. मुलं शाळेत येत नव्हती. ती का येत नाहीत, हे या दोघींनी घरोघरी जाऊन पाहिलं. कुणी गुरं राखत होतं, कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलं होतं. मग शाळाच पाड्यातल्या अंगणात गेली, गुरांमागे कुरणात गेली. भावंडांसाठी पाळणाघर निघालं. मूल शिकवायचं तर आधी त्याच्या घराची अडचण ओळखायला हवी, हे त्यांनी कृतीतून दाखवलं. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 साली पद्मश्री.

घराची अडचण ओळखण्याचं तेच काम आज गावोगावच्या अंगणवाडी सेविका करतात. बाळाचं वजन, पोषण आहार, लसीकरणाची आठवण, गरोदर मातेची चौकशी, सगळं त्यांच्याकडे. घरात मूल खंगतंय हे अनेकदा त्यांनाच आधी कळतं. हातात पडतं ते मात्र मानधन.

पद्म पुरस्कार मोजक्यांनाच मिळणार. पण ग्रामसभेत सेविकेचं म्हणणं आधी ऐकणं, अंगणवाडीचं गळकं छप्पर वेळेत दुरुस्त करणं, मानधन महिन्याच्या महिन्याला मिळावं म्हणून आवाज उठवणं, हाही गौरवच आहे आणि तो आपल्या हातात आहे. आपल्या वस्तीतल्या सेविकेला आज भेटा आणि विचारा, ‘ताई, काय अडलंय?’