सही कुठे करू?

प्राथमिक शाळेच्या पालकसभेत हमखास ऐकू येणारा प्रश्न आहे, ‘गुरुजी, सही कुठे करू?’ शिक्षक बोटाने रकाना दाखवतात. पालक सही करतात किंवा अंगठा उठवतात आणि आपल्या कामाला निघून जातात. मूल रोज पाच-सहा तास ज्या खोलीत बसते, तिथे त्याचे काय चालले आहे, हा विषय तेवढ्यात आटोपतो. या सहीची लाज पालकांना वाटत नाही, शाळेला वाटत नाही आणि इतिवृत्ताची नोंदवही तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही वाटत नाही. ती वाटली पाहिजे, एवढेच इथे सांगायचे आहे.

शाळेतून घरी निरोप जात नाहीत असे नाही, उलट त्यांचा पाऊस पडतो. आधार कार्डाची प्रत आणा, बँक खाते उघडा, जातीचा दाखला जोडा, फी भरा, गणवेश घाला, उद्या पांढरे बूट हवेत. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सुविचार येतो, दुपारी सूचना आणि सायंकाळी पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो. या सगळ्यात मूल कुठे आहे? गेल्या आठवड्यात ते पहिल्यांदा अख्खा परिच्छेद न अडखळता वाचू लागले, बिनहातच्याची वजाबाकी त्याला येते पण हातच्याची जमत नाही, मधल्या सुट्टीत ते एकटेच बसते, चित्र काढायला दिले की त्याचे भान हरपते, यातले काहीही घरी पोहोचत नाही. आईबापांना कळते ते वर्षातून दोनदा, प्रगतिपत्रकातल्या ‘ब-१’ या दोन अक्षरांतून. त्या श्रेणीचा अर्थ काय आणि आता घरी काय करायचे, हे कोणी सांगत नाही.

काही जणांना वाटते की वर्गातले सांगणे ही शिक्षकाची मेहेरबानी आहे. तसे नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 सालचा आणि तो 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. वेळेवर येणे आणि अभ्यासक्रम पूर्ण करणे यांच्याच पंक्तीला तिथे आणखी एक कर्तव्य आहे. पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती आणि त्याच्याविषयीची इतर आवश्यक माहिती त्यांना द्यायची. कलम 21 याहून पुढे जाते. विनाअनुदानित शाळा सोडून इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे ते सांगते. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा आहे. म्हणजे कायद्याने पालकाला मालकाच्या खुर्चीवर बसवले आणि आपण त्याला सहीपुरते उभे केले. कित्येक ठिकाणी बैठकीचे इतिवृत्त आधी लिहून तयार असते आणि नोंदवही सह्यांसाठी घरोघर फिरते. बैठक झालेलीच नसते, ठराव मात्र ‘सर्वानुमते’ मंजूर असतो.

महाराष्ट्राला हे अधिकच न शोभणारे आहे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तिच्याच मुलांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष होते, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. ज्याच्या कष्टावर शाळा चालते त्याला तिथे काय शिकवले जाते हे विचारण्याचा अधिकार आहे, हा त्या गाऱ्हाण्यातून सरळ निघणारा निष्कर्ष आहे. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. तेव्हा राज्यकर्त्याला पालकांना शाळेकडे ओढून आणावे लागत होते. आज मजूर बाई रोज बुडवून मुलाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडते आणि आपण तिला फाटकावरच थांबवतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वेगळी वाट दाखवली होती. 1945 मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला त्यांचे काम उभे राहिले. वारल्यांच्या पाड्यांतली मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी पाड्यावरच बालवाडी भरवली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरू लागली. मुलांपर्यंत पोहोचणे हा त्यामागचा हेतू होता. पण अंगणात भरलेल्या शाळेत आणखी एक गोष्ट आपोआप साधते. आईबापांना ती डोळ्यांसमोर दिसते. मूल मणी का ओवते, गाणे का म्हणते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शाळेला पक्क्या भिंती मिळाल्या हे चांगलेच झाले, पण त्या भिंतींनी जे झाकले ते पुन्हा दाखवण्याची जबाबदारीही शाळेवर आली, हे आपण विसरलो.

शिक्षकांच्या अडचणी खोट्या नाहीत. दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग, अशा शाळा खेड्यापाड्यांत भरपूर आहेत. त्यात मतदार याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती आणि पोषण आहाराचे हिशेब. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकांना देऊ नये, असे शिक्षण हक्क कायद्याचेच कलम 27 सांगते. शासन ते पाळत नसेल तर पालकांनी शिक्षकाच्या बाजूने उभे राहून ते पाळायला लावले पाहिजे. पण वर्गात काय चालते हे ज्याला कधी कळलेच नाही, तो पालक शिक्षकासाठी कशाला भांडेल? ज्या गावाला गुरुजींचे काम दिसते, ते गाव गुरुजींची बदली थांबवायला जिल्हा परिषदेत जाते. जिथे ते दिसत नाही, तिथे ‘मास्तरांना फुकटचा पगार’ एवढेच पारावर बोलले जाते. वर्ग उघडा ठेवण्यात शिक्षकाचाही स्वार्थ आहे.

‘पालक येतच नाहीत’ ही दुसरी तक्रार. सभा मंगळवारी सकाळी अकरा वाजता ठेवली तर रोजंदारीवरचा माणूस कसा येईल? दिवसाची मजुरी बुडवून त्याने ऐकायचे काय, तर शौचालयाच्या दुरुस्तीचा ठराव. सभा सायंकाळी ठेवा, आठवडी बाजाराचा दिवस टाळा आणि पहिला अर्धा तास फक्त मुलांविषयी बोला. तरीही जे येणार नाहीत त्यांच्या घरी जा. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला गेलेले आईबाप हंगामात गावात नसतातच. मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ असते. अशा वेळी आठवड्यातून एकदा बापाच्या फोनवर मुलाने धड्यातल्या चार ओळी वाचून दाखवल्या, तर त्याला कोणताही अहवाल लागणार नाही. मेळघाटात कोरकू आणि नंदुरबारच्या डोंगरात भिली किंवा पावरी बोलणाऱ्या आईला प्रमाण मराठीतली सूचना कळत नसेल, तर पाड्यावरच्या शिकलेल्या मुलीला शेजारी बसवून बोला.

तिसरी तक्रार अशी, की अडाणी पालकांना सांगून काय उपयोग? हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी आपण काय सांगतो ते तपासावे. राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी ठेवायचे ठरले. कल्पना उत्तम होती. पुढे त्या नोंदींच्या तयार याद्या फिरू लागल्या आणि चाळीस मुलांच्या नावापुढे ‘भाषिक कौशल्यात समाधानकारक प्रगती’, ‘उपक्रमात आवडीने सहभागी होते’ अशी तीच ती वाक्ये उतरवली गेली. असले वाक्य पदवीधर बापालाही काही सांगत नाही, मग निरक्षर आईला काय सांगणार? याउलट निपुण भारत अभियानाची उद्दिष्टे पाहा. 2021 मध्ये सुरू झालेल्या या अभियानात पहिलीच्या अखेरीस मुलाने 99 पर्यंतच्या, दुसरीच्या अखेरीस 999 पर्यंतच्या आणि तिसरीच्या अखेरीस 9999 पर्यंतच्या संख्या वाचाव्यात व लिहाव्यात, असे ठरले आहे. तिसरीच्या मुलाने अनोळखी मजकूर समजून घेत मिनिटाला निदान 60 शब्द वाचावेत, अशीही अपेक्षा आहे. हे बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला दोन मिनिटांत समजते. ती स्वतः वाचत नसली तरी मूल अडखळते की सरसर वाचते, हे तिच्या कानाला कळते. माहिती समजण्याजोगी देणे हे देणाऱ्याचे काम आहे.

शहरातल्या खासगी शाळांना वाटेल की हे दुखणे आपले नाही. त्यांच्याकडे ॲप असते, मूल बसमध्ये चढल्याचा संदेश येतो, गृहपाठ मोबाइलवर उमटतो. पण तिथेही पालक-शिक्षक संघाची चर्चा बहुधा शुल्कापाशी सुरू होऊन शुल्कापाशीच संपते आणि पालकसभेत एका पालकाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे येतात. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात शाळेतल्या चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि राज्य हादरले. त्यानंतर शाळांत कॅमेरे लावण्याचे आदेश निघाले. सुरक्षेसाठी कॅमेरे हवेत, यात दुमत नाही. पण कॅमेऱ्याने मूल दिसते, कळत नाही. मूल अचानक गप्प झाले, शाळेत यायला रडू लागले, डबा परत नेऊ लागले, हे शिक्षक आणि आई एकमेकांशी नेहमी बोलत असतील तरच वेळीच ध्यानात येते. रोजचा संवाद हीच मुलाची पहिली सुरक्षा आहे.

आता पालकांविषयी. शाळेकडून आलेल्या माहितीचे आपण काय करतो? ‘तुमचा मुलगा लक्ष देत नाही’ एवढे वाक्य ऐकून घरी आल्या आल्या पट्टी काढणारे बाप कमी नाहीत. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे. मग ‘थांब, घरी सांगते’ ही धमकी वर्गात वापरली जाते आणि शाळेने करायची नाही ती मारहाण घरी होते. अशा घरातले मूल आईबाप आणि शिक्षक यांच्या भेटीला घाबरते, निरोपाची चिठ्ठी दप्तराच्या तळाशी दडवते आणि खोटे बोलायला शिकते. शिक्षकाने सांगितलेली गोष्ट मुलाला मदत करण्यासाठी आहे, त्याच्यावर खटला चालवण्यासाठी नाही. सभेतून बाहेर पडताना शेजारच्या मुलाची श्रेणी विचारणे आणि ‘पहिला कोण आला?’ याची चौकशी करणे, हेही त्याच रोगाचे सौम्य रूप आहे.

सांगण्याला मर्यादाही आहे. मूल हे लहान असले तरी माणूस आहे. त्याचे गुण ग्रुपवर सर्वांसमोर टाकणे, न वाचता येणाऱ्या मुलाला सभेत उभे करून वाचायला लावणे, घरच्या गरिबीची चर्चा चारचौघांत करणे, हा माहितीच्या नावाखाली केलेला अपमान आहे. वर्गाने काय शिकले ते सर्वांना सांगावे. एका मुलाचे काय अडले ते फक्त त्याच्या आईबापांना, तेही बाजूला बसवून सांगावे. आणि बोलण्याची सुरुवात त्या मुलाला जे येते तिथून करावी. ‘त्याला काहीच येत नाही’ असे कोणत्याही मुलाविषयी कधीच खरे नसते. असे म्हणणाऱ्या शिक्षकाने त्या मुलाकडे अजून नीट पाहिलेले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

यातले बहुतेक सगळे एक रुपयाही खर्च न करता सुरू होऊ शकते. वर्गाबाहेरच्या फळ्यावर दर सोमवारी ‘या आठवड्यात आम्ही काय शिकणार’ हे चार सोप्या ओळींत लिहावे. महिन्यातून एक तास वर्ग पालकांसाठी उघडा ठेवावा आणि त्यांनी मागच्या बाकावर बसून चालू तास पाहावा. मुलांच्या वह्या वर्षअखेरीस रद्दीत घालण्यापूर्वी पहिल्या आणि शेवटच्या पानाची तुलना मुलानेच आईला करून दाखवावी. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ज्या समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे, त्यात मुलाचे स्वतःविषयीचे मतही येते. त्याची सुरुवात इथूनच होते. व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त बैठक संपताना मोठ्याने वाचून दाखवावे आणि मगच त्यावर सह्या घ्याव्यात.

शिक्षकांना विनंती आहे की येत्या महिन्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाविषयी एक खरे, त्याचे एकट्याचे वाक्य त्याच्या घरी पोहोचवा. पालकांना विनंती आहे की पुढच्या सभेत लेखणी हातात घेण्याआधी विचारा, ‘माझ्या मुलाला आज काय येते, काय अडते, आणि घरी मी काय करू?’ या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत सही करू नका.