वैर न मिटताही उघडलेली वाट

रावीच्या पलीकडे, पाकिस्तानातील नारोवाल जिल्ह्यात, कर्तारपूर आहे. गुरू नानकांनी आयुष्याची अखेरची वर्षे तिथे शेती करत, लंगर चालवत काढली आणि १५३९ मध्ये तिथेच देह ठेवला. हिंदू आणि मुसलमान दोघांनीही त्यांना आपले मानले, म्हणून तिथे समाधी आहे आणि कबरही.

फाळणीनंतर भारतातले भाविक डेरा बाबा नानकच्या सीमेवरून तिथल्या गुरुद्वाऱ्याचे दुर्बिणीतून दर्शन घेत. अंतर जेमतेम साडेचार किलोमीटर! नोव्हेंबर २०१९ मध्ये, नानकांच्या ५५०व्या जयंतीच्या तोंडावर, सीमेपलीकडे नेणारा कर्तारपूर कॉरिडॉर खुला झाला. व्हिसा नको, दिवसाला ५,००० यात्रेकरूंना मुभा, संध्याकाळपर्यंत परत. २० डॉलरच्या शुल्कावरून कुरबुर झाली, पण करार टिकला. त्याच वर्षी पुलवामाचा दहशतवादी हल्ला आणि भारताचा बालाकोटवरील हवाई हल्ला घडला होता, हे विसरून चालणार नाही.

वैर कायम असताना केलेले सहकार्य नैतिकदृष्ट्या खरे मानायचे का? मानायलाच हवे. लंगरच्या पंगतीत बसणाऱ्याकडे कोणी निर्मळ मनाचा दाखला मागत नाही. आधी शेजारी बसायचे असते. नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे वारकऱ्यालाही हे अंगण परके नाही.

मे २०२५ मध्ये दोन्ही देशांत संघर्ष पेटला आणि भारताने हा मार्ग बंद केला. सुरक्षेची काळजी खोटी नव्हे. तरी अशा प्रत्येक तणावानंतर व्यापार आणि क्रिकेटच्याही आधी यात्रेकरूंचा विचार व्हायला हवा.